बूड, पोट, खांदा, मान: फाटलेल्या पुंगळ्यांच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

भाच्याचा फोन आला तेव्हा मी बांधीत पऱ्ह्यांसाठी, म्हणजे धानाच्या रोपांसाठी, जागा बघत होतो. तो अमेरिकेत टेनेसीत असतो. नेमबाजीचा नाद त्याला तिकडेच लागला. "मामा, अर्धी पुंगळी बाहेर आली, अर्धी बंदुकीतच राहिली," म्हणाला. आवाजात भीती कमी, उत्सुकता जास्त. मला उलटं वाटलं.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच. तिकडे बरेच जण झाडलेल्या पुंगळ्या फेकत नाहीत. डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून परत मापावर आणतात, नवं प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), नवी दारू, नवी गोळी, की काडतूस तयार. एक पुंगळी अशी पाच-दहा वेळा चालते. हा दीड-दोन वर्षांपासून ते करतो आहे आणि मामा पितळेच्या लॅबमध्ये तीस वर्षं होता हे त्याला आज आठवलं.

"तुटलेल्या पुंगळ्या पार्सलने पाठवू का?" असं त्याने विचारलं. म्हटलं, अजिबात नको. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. परवान्याशिवाय काडतूस बनवणं सोडाच, असल्या वस्तू घरात का आल्या याचा खुलासा मोहाडीच्या ठाण्यात बसून करायला मला वेळ नाही. काम फोटोवर आणि मापांवर चालेल. दुसरी अट: दारू किती भरायची हे मला विचारायचं नाही, त्याची छापील पुस्तकं असतात, ती बघ. मला पितळ कळतं. काडतूस मी जन्मात भरलं नाही.

शब्द ठरवून घेतले, नाहीतर फोनवर घोळ होतो. प्रायमर बसतं ते बूड. बुडाची बाहेर आलेली चकती ती कडा. मधलं पोट, उतार म्हणजे खांदा, गोळी धरते ती मान.

११ जून

फोटो आले. रायफल .३०३ मापाची, ली-एनफिल्ड, ईशापूरचा शिक्का असलेली. भारतात बनली, अमेरिकेत विकली गेली आणि आता भंडारा जिल्ह्यातल्या पोराच्या हातात आहे. असो.

पुंगळी बुडापासून साधारण नऊ-दहा मिलिमीटरवर गोल कापल्यासारखी तुटली आहे. बाहेरून ओठ पातळ, आतून धार. याला बूड सुटणं म्हणावं. दारूचा दाब जास्त झाल्याची शंका सगळ्यांना आधी येते, त्यालाही आली. पण प्रायमर बघितलं तर त्याचे काठ गोल आहेत, चपटं झालेलं नाही, खाचेत घट्ट बसलं आहे. दाब फार वाढला की आधी बूड पसरतं आणि प्रायमरची खाच सैल होते. इथे तसं काही नाही. पुंगळी ओढली गेली आहे, फुगलेली नाही.

होतं असं: बार उडाला की पातळ पोट आणि मान फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या खोलीच्या, भिंतीला घट्ट चिकटतात. बूड जाड, ते चिकटत नाही, मागे बोल्टवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर, जाऊन आदळतं. बूड आणि बोल्टच्या मध्ये जेवढी फट, तेवढं पितळ मधल्या मधे ताणलं जातं. जाड बूड जिथे पातळ पोटाला मिळतं, नेमकी तीच जागा. पुंगळी दर वेळी तिथे थोडी बारीक होते आणि एक दिवस सुटते.

ली-एनफिल्डमध्ये हे जास्त होतं. तिचं कुलूप बोल्टच्या मागच्या टोकाला आहे, म्हणून बार झाल्यावर सगळंच थोडं लवचिकपणे मागे सरकतं. शिवाय लष्करी चेंबर ऐसपैस. चिखल-मातीतही काडतूस आत गेलं पाहिजे म्हणून तसा.

१५ जून, रविवार

व्हिडिओवर दोन तास. त्याच्याकडून उरलेल्या एकोणीस पुंगळ्या तपासून घेतल्या. टाचणीसारख्या तारेचं टोक काटकोनात वाकवायचं, तोंडातून आत घालायचं आणि बुडाकडून वर खरवडत आणायचं. खाच असेल तर तार अडकते. सात पुंगळ्यांत अडकली. त्यातल्या तिघींना बाहेरून चकचकीत कडं दिसत होतं, चौघी बाहेरून अगदी निर्दोष. बाहेरून बघून भागत नाही ते यासाठी.

एक उभी कापायला लावली. हॅकसॉने, दारू-प्रायमर काही नाही याची दोनदा खात्री करून. आत खाच स्पष्ट आहे. तेवढ्या जागी भिंत शेजारच्या निम्मी.

मग कारण. त्याला झाडलेली पुंगळी डायमध्ये घालायच्या आधी आणि नंतर खांदा मोजायला सांगितला. खांदा जवळजवळ अर्धा मिलिमीटर मागे जातो! डाय पार खालपर्यंत पिळली होती, कारण डब्यावरच्या कागदावर तसं लिहिलेलं. म्हणजे दर वेळी हाच पुंगळी आखूड करतो, दर वेळी बंदूक ती ताणून लांब करते. लोखंडाची तार मागे-पुढे वाकवून तोडतात, त्यातलाच प्रकार.

उपाय: डाय वर घ्यायची. खांदा एक केसभर, पाव मिलिमीटरच्याही पाचव्या हिश्शाएवढा मागे जावा, बास. आणि या पुंगळ्या फक्त याच रायफलीत वापरायच्या. तार अडकलेल्या सातही पक्कडीने चेपून भंगारात. "मामा, चार तर चांगल्या दिसतात." चेप म्हटलं.

२२ जून

पाऊस आला. पऱ्हे टाकले. प्रकल्पाला सुट्टी.

२९ जून, रविवार

दुसरा डबा, .३०-०६ या दुसऱ्या मापाच्या काडतुसांचा. इथे मान उभी चिरली आहे, तोंडापासून खांद्याकडे. अकरा पुंगळ्या. त्याने फक्त मानेचे फोटो जवळून काढून पाठवले, काळ्या कापडावर, सुंदर उजेडात. पोराला फोटो छान येतात.

मान चिरण्याचं नेहमीचं कारण कोणताही कासार सांगेल. सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त असं हे पितळ. ठोकलं, दाबलं, ओढलं की कडक होतं. बार झाला की मान फुगते, डाय तिला आवळते, डायच्या मधला गोळा तिला परत आतून उघडतो. एका फेरीत तीनदा मार. सहा-सात फेऱ्यांत मान इतकी कडक होते की फुगायच्या ऐवजी चिरते. भंडाऱ्याचा कासार घागर घडवताना मध्येच भट्टीत घालून ताव देतो तो याचसाठी. न दिला तर काठ फाटतो.

त्याला सांगितलं, मानेला ताव दे. पुंगळ्या परातीत उभ्या करायच्या, पोटाच्या मध्यापर्यंत पाणी, वरून मानेवर गॅसची ज्योत. अंधाऱ्या खोलीत करायचं, रंग जेमतेम बदलताना दिसला की पुंगळी आडवी पाडायची. पाणी पितळ नरम करायला नाही. पितळ पाण्यात बुडवलं काय, हवेत सोडलं काय, सारखंच नरम राहतं. पाणी फक्त बूड गार ठेवतं. बूड कडकच राहायला हवं, सगळा दाब तिथे पडतो. नरम बुडाची पुंगळी वापरणं म्हणजे कुकरची शिट्टी डोळ्यासमोर धरून बसणं.

त्याच डब्यात दोन पुंगळ्यांच्या खांद्यावर खळगे होते. ते काही नाही, डायमध्ये तेल जास्त झालं. पुसून घे म्हटलं.

चिरेच्या कडा स्वच्छ होत्या. काजळी नव्हती. धुतल्या असतील.

६ जुलै, रविवार

वीस पुंगळ्यांना ताव दिला, झाडल्या, एकही चिरली नाही. मी खूश. संध्याकाळी पुन्हा त्याचा मेसेज: फळीवरच्या डब्यात आणखी सात चिरल्या.

ताव नीट बसला नसेल, असं लिहून मी झोपलो.

१३ जुलै

रोवणी. चार दिवस चिखलात. बायांची मजुरी यंदा वाढली आहे, त्याचा हिशेब दुसऱ्या वहीत.

२० जुलै, रविवार

आजची नोंद लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

"या अठरा पुंगळ्या किती वेळा झाडल्या?" हे मी आज विचारलं. पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

"झाडल्याच नाही मामा. भरून ठेवल्या होत्या. दारू सांडायला लागली म्हणून गोळ्या काढून घेतल्या, मग फोटो काढले."

म्हणजे ही मान बार उडताना चिरलेली नाही. फळीवर पडल्या पडल्या चिरली. नवंकोरं पितळ, एकदाही न वापरलेलं. कडक व्हायला तिला कधी मारच बसला नाही. आणि मी तीन आठवडे ताव, ताव करत होतो. ताव दिलेल्या वीस चिरल्या नाहीत यात नवल काय, त्या दुसऱ्याच डब्यातल्या होत्या.

खूण समोर होती. झाडताना चिरलेल्या मानेतून गरम वायू निसटतो, चिरेच्या दोन्ही काठांवर काळी फरफट उमटते. इथे काजळी नव्हती आणि मीच वहीत लिहून ठेवलं, "धुतल्या असतील". जे उत्तर आधीच डोक्यात असतं त्याच्या आड येणारं सगळं माणूस धुऊन टाकतो.

सांगितलं, डब्यातलं एकही काडतूस झाडायचं नाही. सगळी फोडायची. ठोकून गोळी काढायचा हातोडा त्याच्याकडे आहेच.

२७ जुलै

नवे फोटो, या वेळी यूएसबी सूक्ष्मदर्शकातून. चीर सरळ नाही, बारीक फाटे फुटले आहेत, वाळल्या तळ्याच्या गाळासारखे. काठ कुठेही ताणलेले नाहीत. ओढून फाटलेलं पितळ काठाला पातळ होतं, हे काच तडकावी तसं तडकलं आहे. चिरेच्या आत काळपट-निळसर रंग.

हे मी कुठेतरी बघितलं आहे. आठवत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पोळा शुक्रवारी. गोठ्यातल्या खुंटीवरून शेंब्या उतरवल्या. बैलांच्या शिंगांना घालायच्या पितळी टोप्या, भंडाऱ्याहून दोन वर्षांपूर्वी आणलेल्या. चारपैकी एक शेंबी उभी चिरलेली. वरपासून खालपर्यंत नाही. तोंडाच्या काठापासून तीन बोटं, आणि चिरेच्या टोकाला बारीक फाटा.

भिंग आणलं. आतून काळपट-निळसर.

तिथेच गोठ्यात उकिडवा बसलो. गड्याने विचारलं, "चक्कर आली का?"

बघा: पितळेच्या पत्र्याची चकती साच्यावर दाबून ओढून शेंबी बनवतात. पुंगळीही अशीच चकतीपासून ओढून ओढून बनते. ओढकाम झालं की पितळेच्या आत ताण अडकून राहतो. बाहेरून कोणी हात लावत नाही, तरी ती आतून स्वतःलाच खेचत असते. आणि गोठा. मूत्र आणि शेण एकत्र आलं की मुताचा युरिया फुटून अमोनिया निघतो, पावसाळ्यात दारं बंद, सगळं ओलं. सकाळी गोठ्यात शिरलं की डोळे झोंबतात ते यानेच. ताण, अमोनिया, ओल. या तिघांपैकी एक जरी नसला तरी पितळ शांत बसतं. तिघं जमले की तडकतं.

लॅबच्या दिवसांत हे शिकवलंही होतं मी! एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. घोड्यांच्या तबेल्याजवळ साठवलेली असायची. लाकूड वाळताना पडतात तसे तडे म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. अमोनियाचा हात आहे हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी १९२१ साली नीट मांडलं. आपल्याच पावसाळ्यातला रोग, आणि मला तो टेनेसीच्या फोटोत ओळखता आला नाही.

रात्री फोन केला. एकच प्रश्न. "डबा ठेवतोस कुठे?"

"घरमालकाच्या तबेल्यात मामा. माझं काम करायचं बाकडं तिथंच आहे. वर माळ्यावर."

"खाली?"

"घोडे."

१८ ऑगस्ट

मान का चिरते आणि पोट का नाही, याचंही उत्तर मिळालं. मानेत गोळी घट्ट दाबून बसवलेली असते. म्हणजे आधीच्या ताणाखेरीज मान दिवसरात्र बाहेरच्या बाजूला ताणलेली, ती पण सगळ्यात पातळ भिंतीवर. पोट मोकळं असतं.

भाच्याने आणखी एक कबूल केलं: पुंगळ्या चकचकीत करायला तो भांड्यांचं एक पॉलिश वापरतो, "नाकात जातं" असं. बाटलीवर बघायला लावलं. अमोनिया आहे. डबल काम.

१९ ऑगस्ट

बोलून भागत नाही, करून बघायचं ठरवलं. भंडाऱ्याच्या बाजारातून नव्या पाच शेंब्या आणल्या. दुकानदाराला वाटलं, बैल वाढवले.

दोन जशाच्या तशा. दोन वाळूच्या कढईत पुरून चुलीवर, जुन्या थर्मोकपलने (तापमान मोजायच्या तारेने) बघत २७० ते २९० अंशांत एक तास. यात पितळ फार नरम होत नाही पण आतला ताण सुटतो. पाचवी घरात कपाटात.

झाकणाच्या प्लास्टिक ड्रममध्ये तळाला गोमूत्र आणि शेण, वर आडव्या काडीला चार शेंब्या टांगल्या, द्रवाला न लागता. झाकण बंद. सौभाग्यवतींनी ड्रम विहिरीपलीकडे हलवायला लावला. तिचं म्हणणं, ती तीन वर्षं सांगते आहे शेंब्या गोठ्यात ठेवू नका, काळ्या पडतात, चिंचेने घासून हात जातात. हे खरं आहे. मी ऐकलं नव्हतं.

२२ ऑगस्ट, पोळा

तीन शेंब्या आणि एक उसनी. उसनीवाला बैल उगाच जास्त ऐटीत.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

नातवाच्या लाकडी बैलाला गुळगुळीत रंग हवा होता, त्यात दिवस गेला. संध्याकाळी ड्रम उघडला: एक साधी शेंबी चिरली! चौथा दिवस. चीर काठापासून, अगदी जुनीसारखी. दुसरी साधी शाबूत. कढईतल्या दोन्ही काळ्या पडल्या आहेत, पण शाबूत.

३० ऑगस्ट

अकराव्या दिवशी दुसरी साधीही चिरली, पण टोकाजवळ. काठाशी नाही. दोन शेंब्या, एकाच दुकानातल्या, दोन वेगळ्या जागी. एवढ्या नमुन्यावर नियम काढणार नाही, पण पहिल्या दिवशी एकच ठेवली असती आणि ती हीच निघाली असती तर पाचव्या दिवशी मी "काही होत नाही" लिहून ड्रम धुतला असता.

भाच्याने लगेच विचारलं, "मग सगळ्या पुंगळ्या ओव्हनमध्ये घालू का?" नाही. नाही. नाही. शेंबीत स्फोट होत नाही. अख्खी पुंगळी तापवायची नाही. अंदाजाने चालवलेल्या ओव्हनमध्ये बूड किती नरम झालं हे तुला कळणार नाही आणि पुढचा बार डोळ्याजवळ होणार. कारखान्यात ते काम मोजून-मापून करतात, बूड सांभाळून. तुला ताण घालवायचा नाही, तिघांपैकी अमोनिया घालवायचा आहे. बाकडं तबेल्यातून घरात. पॉलिशची बाटली फेक. नुसत्या साबणाच्या पाण्यात धू, पूर्ण वाळव, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेव.

७ सप्टेंबर, रविवार

त्याने मोजणी पाठवली. माळ्यावरच्या त्या डब्यात पन्नास काडतुसं होती, दोन उन्हाळे पडून. फोडून एकेक मान भिंगातून बघितली: अठरा आधीच्या, आणखी नऊ बारीक चिरेच्या. एकूण सत्तावीस. त्याच खरेदीतली, त्याच पॉलिशने घासलेली, पण घरातल्या कपाटात ठेवलेली चाळीस काडतुसं: एकही नाही. म्हणजे पॉलिशपेक्षा तबेला मोठा गुन्हेगार. पॉलिशला मी तरीही सोडलेलं नाही, त्याने धुऊन घेतलं असेल तेव्हा वाचला.

डब्यातल्या उरलेल्या तेवीस शाबूत दिसतात. त्याचं काय करू विचारतो. दोन वर्षं अमोनियात राहिलेल्या पितळेला भिंगातून दिसत नाही म्हणून चीर नाही असं मी म्हणणार नाही. चेप.

.३०३ चं: डाय वर घेतल्यापासून चार फेऱ्या झाल्या. तार कुठेच अडकत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

कढईतल्या दोन शेंब्या ड्रममधून आज काढल्या, सव्वीस दिवस. काळ्या-निळ्या, पण एकही चीर नाही. कपाटातली पाचवी नवीकोरी. या तिन्ही शेंब्या बैलांसाठी घरात ठेवल्या, देवाऱ्याच्या खालच्या फळीवर. चिरलेल्या दोन वहीसोबत.

गडी म्हणाला, चिरलेल्या शेंबीला कासाराकडून डाग देऊन आणतो. म्हटलं देऊ नको, त्या मला लागतात.

ड्रम तीनदा धुतला. अजून वास येतो. धानाचं बियाणं यात ठेवायचं नाही असा घरातून हुकूम आहे.